इक्बालभाईंचं विमान आणि खारा वारा

शेजाऱ्याकडे गाय आली तर महिनाभर पुरतील एवढे किस्से होतात. नवी सून आली तर वर्षभर. आमच्या शेजारी विमान आलं! तिसरं वर्ष चालू आहे, आणि किस्से काही संपत नाहीत. लग्नात, बारशात, बाजारात कोणीही भेटलं की पहिला प्रश्न, "काय गो वासंती, उडलं काय?"

मी म्हणते, उडायचं राहू दे. आधी जमिनीवर काय काय झालं ते ऐक.

आम्ही मांडवीला राहतो. आमच्या घरातून समुद्र दिसत नाही, पण खिडकीच्या गजांना तो बरोबर सापडतो. दर दोन वर्षांनी गज बदलावे लागतात. आमच्या कुंपणाला लागून इक्बालभाईंचं घर. तीस वर्षं ते आखातात होते, विमानांच्या वर्कशॉपमध्ये. जुना रंग खरवडायचा, गंज काढायचा, नवा रंग द्यायचा, हे त्यांचं काम. परत आले ते डोक्यात एकच गोष्ट घेऊन. गाडीच्या शेडला तिसरी भिंत घातली, दार लावलं, आणि परदेशातून विमानाचे सुटे भाग मागवले. घरी बसून जोडायचं विमान! असतं असं. मलाही माहीत नव्हतं. माझं शिक्षण जेमतेम, पण माझ्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर त्यांच्या शेडच्या दारासमोर येते, त्यामुळे बरंच शिकले.

विमान दोन माणसांचं. पण इक्बालभाईंच्या छातीतला ठोका मधूनच चुकतो, म्हणून डॉक्टरांनी त्यांना उडवायला साफ मनाई केलीय. ते पहिल्यांदा हवेत नेणार ती त्यांची मुलगी सना. ती बाहेरगावी विमान उडवायला शिकवते. "मी जोडणार आणि माझी पोर बसणार," हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. मग बोट समुद्राच्या दिशेनं केलं. "आणि वैनी, हा वारा ते खाणार. बाहेरून खाल्लं तर दिसेल. हा आतून खातो."

तेव्हापासून शेडमधलं सगळं काम एकाच गोष्टीसाठी चाललंय. ॲल्युमिनियमच्या एकेका तुकड्यापर्यंत हा वारा पोचता कामा नये.

*

खोकी आली तो दिवस. ट्रक गल्लीत शिरेना, म्हणून आळीतल्या सगळ्यांनी हातावर खोकी आणली. लाकडी, लांबच लांब. एक खोकं उघडून इक्बालभाईंनी आतला शेपटीचा भाग दाखवला. आरशासारखा! सगळे गप्प.

आमचे हे अशा वेळी गप्प राहतील तर शपथ. घरात गेले, नारळ घेऊन आले. "नवीन वाहन आहे, तसंच कसं आत न्यायचं?" इक्बालभाई "अहो थांबा, थांबा" म्हणेपर्यंत ह्यांनी खोक्याच्या कडेवर नारळ फोडलासुद्धा. पाणी उडालं ते थेट शेपटीवर.

इक्बालभाई घरात धावले आणि विकतच्या पाण्याच्या चार बाटल्या घेऊन आले. आमच्या विहिरीचं पाणी मचूळ, ते चालत नाही. एकेक बाटली हळूहळू ओतली, मऊ फडक्यानं टिपलं, परत ओतली, परत टिपलं. आम्ही सगळे हात बांधून उभे. ह्यांच्या हातात नारळाची दोन भकलं, खाली ठेवायचंही सुचेना.

अर्ध्या तासानं इक्बालभाई सरळ झाले. ह्यांच्या हातातलं एक भकल घेतलं, खोबऱ्याचा तुकडा काढून तोंडात टाकला.

"गोड आहे," ते म्हणाले. "पुढचा गेटाबाहेर फोडा."

तेव्हापासून आमच्या आळीत विमानाचा नारळ गेटाबाहेर फुटतो. काही नवं आलं की फुटतोच!

*

पत्र्यांवर निळं प्लास्टिक चिकटवलेलं येतं. एक दिवस खिडकीतून बघते तर इक्बालभाई ते टराटरा सोलून काढतायत. हात पुसत तशीच गेले.

"अहो, नव्या वस्तूचं प्लास्टिक कशाला काढता? खराब होईल ना!"

"तुम्ही काढत नाही?"

"छे! आमच्या फ्रिजचं अजून आहे. सात वर्षं झाली."

ते हातमोजे काढून माझ्यामागून घरी आले. फ्रिजच्या दाराचा खालचा कोपरा नखानं उचलला. प्लास्टिकखाली तांबड्या रेघा उठल्या होत्या, मुंग्यांच्या वाटेसारख्या. वरून काही कळत नव्हतं.

"दमट हवा आत शिरते, बाहेर येत नाही," ते म्हणाले. "झाकलं म्हणजे जपलं, असं नसतं वैनी."

त्या संध्याकाळी ह्यांनी फ्रिज सोलला, रिमोट सोलला, सोफ्याच्या हातांवरचंही काढलं. घर एकदम नवीन दिसायला लागलं आणि मला चार दिवस कोणाच्यातरी घरी राहायला आल्यासारखं वाटत होतं.

*

कोऱ्या पत्र्याला उघडा हात लावायचा नाही, हा शेडचा कायदा. माणसाच्या घामात मीठ असतं. दाराशीच हातमोज्यांचा डबा, वर तशी पाटी.

माझे धाकटे दीर पालीहून आले होते. आमच्याकडे भरपूर जेवले, तळलेला बांगडा, सोलकढी, सगळं. मग "विमान बघू या" म्हणून शेडमध्ये. दीर बी.ए. झालेले, त्यामुळे पाटी वाचायची गरज त्यांना वाटली नाही. पंखाच्या पत्र्यावर अंगठा दाबून म्हणाले, "एवढं पातळ? हे उडणार?"

इक्बालभाई बाहेर होते. मी पदरानं पुसलं आणि विसरून गेले.

महिन्याभरानं इक्बालभाईंनी मला हाक मारली. पत्रा उन्हात धरला. त्यावर अंगठा उमटला होता, रेषा न् रेषा. पुसून जाईना. धातूच खाल्ला गेला होता.

"हा कोणाचा?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. एक सकाळभर घासून त्यांनी तो अंगठा काढला. दिरांना मी फोन केला. ते म्हणाले, "वैनी, आमच्या आज्यानं शेवटचा अंगठा उठवला होता. आमच्या घरातला तो बंद व्हावा म्हणून बाबांनी मला शिकवलं. आणि मी जाऊन विमानावर उठवला!"

आता येतात तेव्हा शेडकडे जात नाहीत. लांबूनच, खिशात हात घालून बघतात.

*

मधू सुतार पत्रे ठेवायला लाकडी घडवंची करायला आला होता. चाळीस वर्षांचा सुतार, हात सोन्याचा. मापं घेता घेता त्यानं कानावरची पेन्सिल काढली आणि सवयीनं बाजूच्या पत्र्यावर एक रेघ मारली. इक्बालभाई ओरडले. तीन वर्षांत त्यांचा आवाज मी चढलेला ऐकला तो तेवढाच. माझ्या हातातलं उलथनं पडलं.

पेन्सिलीचं शिसं ॲल्युमिनियमवर राहिलं की ओल्या हवेत तिथंच धातू खायला लागतं, रेघेवर रेघ, खोल. विमानाच्या कामात पेन्सिल म्हणजे सापच. पण मधूला ते कुठून माहीत असणार? त्यानं हत्यारं गोळा केली, पिशवी खांद्याला लावली आणि गेला.

इक्बालभाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही, हे मला जैनबभाभींनी सांगितलं. म्हणजे त्यांच्या बायकोनं. दुसऱ्या दिवशी ते मधूच्या घरी गेले. बरोबर काळ्या मार्कर पेनांचं एक खोकं. मीही गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं.

"मधू, माफ कर. माझ्या पोरीच्या जिवाची भीती, ती तुझ्यावर निघाली."

मधूनं कानावरच्या पेन्सिलीला हात लावला. मग म्हणाला, "भाई, ही पेन्सिल कानावर आहे तेव्हापासून माझा बाप मेला, माझं लग्न झालं, दोन पोरी झाल्या. हिच्यावरून मला कधी कोण ओरडलं नव्हतं." थांबला. "पण पोरीचं म्हणालात ना. द्या तो पेन."

घडवंची झाली. एकदम भक्कम. आणि मधू सुताराचा उजवा कान पंधरा दिवस काळा होता.

*

रंग द्यायच्या आधी पत्रा धुतात. धुऊन झाल्यावर वरून पाणी सोडायचं. पाणी एकसारखं पसरलं तर पत्रा स्वच्छ. मध्येच फाटलं, थेंब झाले, तर तिथं कुठंतरी तेलकट आहे, परत धुवा.

एकदा काय होईना, पाणी एकसारखं पसरेना. साबण बदलला, ब्रश बदलला, फडकी नवी आणली. दोन दिवस इक्बालभाई एकच पत्रा धूत होते. पाणी फाटतंच. वर्कशॉपमधल्या जुन्या मित्रांना फोन झाले, त्यांनी आणखी तीन साबण सांगितले.

तिसऱ्या दिवशी जैनबभाभी चहा घेऊन गेल्या. कपबशी हातात धरून पाच मिनिटं नुसत्या बघत राहिल्या.

"तुम्ही कपाळ कशानं पुसता?" त्यांनी विचारलं.

"मनगटानं. का?"

"आणि डोक्याला तेल कोण लावतं? मी?"

इक्बालभाई रोज सकाळी डोक्याला खोबरेल थापतात, वयाच्या सातव्या वर्षापासून. उन्हाचं ते कपाळावर उतरतं, तिथून मनगटावर, मनगटावरून पत्र्यावर!

त्या दिवसापासून तेल बंद. शुक्रवारी नमाजाला गेले ते केस उडवत. तिथं एकानं काळजीनं विचारलं म्हणे, "इक्बालभाई, तब्येत बरी आहे ना? घरी काय झालं?"

*

मागच्या थंडीत सना आठ दिवसांसाठी आली. उंच, सडपातळ, बोलणं कमी. तिनं येताच एका रंगवलेल्या फासळीचं वजन केलं. फासळ्या म्हणजे पंखाच्या आतले आडवे तुकडे, ज्यांच्यावर वरचा पत्रा बसतो. त्यांना पिवळट हिरवा रंग असतो, कच्च्या कैरीच्या सालीखाली असतो तसा. तो रंग म्हणजे त्यांचं चिलखत.

"अब्बा, जिथं दोन पत्रे एकमेकांवर बसतात तेवढंच रंगवा. सगळीकडे दिलात तर एका सुटकेसएवढं वजन उगाच वाढतं."

"मग सुटकेस नेऊ नकोस!"

"मी हिशेबानं सांगतेय."

"मीपण."

दोन दिवस बाप-लेक एकमेकांशी बोलले नाहीत. निरोप जैनबभाभींकडून. "त्यांना सांग चहा झाला." "तिला सांग आलो."

तिसऱ्या दिवशी मी घावणे घेऊन गेले होते. घावणे निमित्त, हे सगळ्यांना माहीत होतं. सना शेडच्या पायरीवर बसली होती. इक्बालभाई काम करता करता, कोणाकडेही न बघता बोलायला लागले.

"तिकडे मला पाचवं वर्ष होतं. एक छोटं विमान रंगाला आलं. बाहेरून एवढं चकचकीत, मी म्हटलं ह्याला काय करायचं? साहेब म्हणाले, खालचं झाकण उघड. उघडलं. आत फासळीवर पांढरी भुकटी. तांदळाच्या पिठासारखी. मी पुसायला म्हणून बोट लावलं. बोट आरपार गेलं."

इक्बालभाईंनी हातातली फासळी खाली ठेवली.

"खारी बिस्किटासारखं. आवाजसुद्धा झाला नाही. सना, त्याच सकाळी त्या विमानातून चार माणसं उतरली होती. त्यातल्या एका बाईनं मला विचारलं होतं, पाणी कुठं मिळेल."

सना उठली. डब्यातून हातमोजे काढले, चढवले, मागच्या भिंतीशी गेली आणि तिनं स्वतः ह्या दोन दिवसांत ज्या फासळ्यांच्या फक्त कडाच रंगवल्या होत्या त्या पुढ्यात ओढल्या. संध्याकाळपर्यंत रंगवत होती.

निघताना मी विचारलं, "काय गो, सुटकेसचं काय झालं?"

"मी बॅकपॅक नेईन, काकी," ती म्हणाली. हसली नाही.

*

हा शेवटचा मी सहसा सांगत नाही.

ह्या पावसाळ्यात जैनबभाभींच्या डोळ्याचं ऑपरेशन मुंबईला करायचं ठरलं. दोघं दहा दिवस जाणार. चावी माझ्याकडे. "मांजराला दूध, आणि शेडमध्ये कुठं गळतंय का तेवढं बघा," इक्बालभाई म्हणाले.

मी रोज दोनदा गेले. गळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी बघते तर कोपऱ्यातल्या लाकडी कपाटाच्या फटीतून उजेड येतोय. उघडलं. आत बल्ब जळतोय, भरदिवसा! शेजारी चौदा फासळ्या ओळीनं लावलेल्या, धुतलेल्या, कोऱ्या. आल्यावर रंगवायच्या म्हणून तयार करून ठेवलेल्या. मी म्हटलं, गडबडीत विसरले बिचारे. बंद केला. घरी येऊन ह्यांना सांगितलंसुद्धा, "माणूस एवढा हुशार, पण दिवा बंद करायचं कळत नाही."

मग तो पाऊस लागला. आठ दिवस सूर्य नाही. आमच्या चपलांवर बुरशी, मिठाचं पाणी, पापड वाकतायत. ते गेल्याच्या नवव्या दिवशी मी सहज कपाट उघडलं.

फासळ्यांवर पांढरे ठिपके होते. काहींवर नुसते, काहींवर बारीक भुकटी. तांदळाच्या पिठासारखी.

तेव्हा कळलं दिवा कशाला होता. उबेसाठी. कपाटातली हवा कोरडी राहावी म्हणून.

मी काय केलं ते सांगते. घरी गेले, भांडी घासायची तारेची घासणी आणली, आणि ज्यांच्यावर जास्त होतं त्या घासल्या. बाकीच्या फडक्यानं पुसल्या. हात भरून आले. लखलखीत निघाल्या! आधीपेक्षा जास्त. तशाच ओळीनं लावल्या. दिवा लावला. कपाट बंद केलं.

दुसऱ्या दिवशी ती दोघं आली. जैनबभाभींच्या डोळ्यावर काळा चष्मा. माझा हात धरून म्हणाल्या, "वैनी, तुम्ही होतात म्हणून मी तिकडे निर्धास्त." इक्बालभाईंनी शेड बघितली, कपाट बघितलं, खूश झाले. त्यांच्या फोनवर सना दिसत होती, लांबून हात हलवत म्हणाली, "थँक्यू, काकी."

मी तीन दिवस खिडकी बंद ठेवली. पाऊस येतो म्हणून, असं ह्यांना सांगितलं.

चौथ्या दिवशी सकाळी ह्यांनी बाहेरून येऊन सांगितलं, "इक्बालभाई आज त्या फासळ्या रंगवणार आहेत. हवा जरा उघडलीय ना." मी पोळ्या लाटत होते. एकदा त्यावर तो कैरीचा रंग चढला की खाली काय आहे ते कोणालाच दिसणार नव्हतं. तपासायला येणाऱ्या सरकारी साहेबांना नाही, सनाला नाही, मलाही नाही. मी गॅस बंद केला.

शेडमध्ये इक्बालभाई रंग ढवळत होते.

"इक्बालभाई, कपाटातला दिवा मी बंद केला होता."

ते हसले. "कधी?"

"तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी. आठ दिवस बंद होता."

ढवळणं थांबलं. "पण भाग तर चांगले आहेत. मी बघितले."

"पांढरं आलं होतं. मी घासलं."

"कशानं?"

"भांड्याच्या तारेनं."

त्यांनी काडी डब्यावर आडवी ठेवली आणि स्टुलावर बसले. मग सांगितलं ते नेहमीच्याच आवाजात. लोखंडाच्या तारेचे बारीक कण त्या मऊ धातूत रुततात, आणि जिथं रुतले तिथं तो जास्त जोरात खाल्ला जातो. वरून रंग दिला तरी.

"किती घासल्यात?"

"तीन. नाही... चार असतील."

"कुठल्या?"

त्यांनी चौदाही फासळ्या घडवंचीवर मांडल्या. मी एकेक उचलून बघितली. उन्हात नेऊन बघितली. चष्मा पुसून बघितली. मला ओळखता येईना. मी एवढ्या छान घासल्या होत्या.

"ह्या परत यायला किती दिवस लागतात?" मी विचारलं.

"चार महिने. पाच."

त्यांनी पहिली फासळी घेतली, गुडघ्यावर ठेवली आणि वाकवली. कट् असा आवाज झाला. बाजूला टाकली. दुसरी घेतली. असं का करतायत ते मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं, "चुकून कोणाच्या हातून वापरली जायला नको." एकामागून एक चौदाही. मी दारात उभी होते, जायचं कळत नव्हतं. सातव्या-आठव्याला जैनबभाभी भिंतीला धरून धरून बाहेर आल्या. "काय मोडतंय एवढं?"

"काही नाही," इक्बालभाई म्हणाले. "चुकीचे भाग आले होते."

मी घरी आले. ह्यांना सगळं सांगितलं. हे त्या दिवशी पहिल्यांदा काहीही बोलले नाहीत. मी दोन दिवस परसात पण गेले नाही. समोरून कोण आलं, कोण गेलं, मला माहीत नाही. आमच्या आळीत असं पहिल्यांदाच झालं असेल.

तिसऱ्या दिवशी दुपारी दारात इक्बालभाई. एका हातात बॅटरी, काखेत एक जाड वही. मला वाटलं चावी मागायला आले. मी खुंटीवरून काढून पुढे केली. त्यांनी घेतली नाही.

"वैनी, जरा शेडमध्ये येता?"

गेले. घडवंचीवर पंखाचा एक मोठा भाग होता, आतून रंगवलेला, अजून वरचा पत्रा न बसवलेला. त्यांनी वही उघडून माझ्याकडे फिरवली. त्यांची स्वतःचीच, सरकारी नव्हे. प्रत्येक पानावर हातानं रेघा मारलेल्या. भाग कोणता. तारीख. मग 'कोणी केलं'. त्याखाली त्यांची सही, पहिल्या पानापासून, एकसारखी, शेकड्यांनी. शेवटचा रकाना 'कोणी तपासलं'. तो पहिल्या पानापासून कोरा होता.

"आत बघा," ते म्हणाले. "कोपरे, भोकांच्या कडा, खालची बाजू. कुठंही रंग लागायचा राहिला असेल तर सांगा. नसेल तर इथं सही करा."

"अहो, साहेब येतात ना तपासायला?"

"येतात."

"सना आहे. ती एवढी शिकलेली."

"आहे."

"मी दहावी नापास आहे, इक्बालभाई."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि पेन वहीवर ठेवलं. बॅटरी माझ्या हातात दिली.

मी वाकले. आत सगळं हिरवं-पिवळं आणि धूसर.

"चष्मा घरी राहिला," मी म्हटलं.

"आणा," ते म्हणाले. "मी थांबतो."